वळणापुढचं गाणं

१

लहानपणी ऐकलेला एक आवाज अजून माझ्या कानात मुक्कामाला आहे. शाळेच्या मैदानावर कवायतीचे सर पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून हुकूम सोडायचे आणि ते हुकूम समोरच्या उंच भिंतीवर आपटून माघारी यायचे. पुढच्या रांगा सरांच्या आवाजावर वळायच्या, मागच्या रांगा भिंतीच्या. निम्मी शाळा डावीकडे, निम्मी उजवीकडे. मग सर कर्णा खाली घ्यायचे आणि उघड्या गळ्यानं म्हणायचे, "लेकरांनो, मी इकडे आहे रे, इकडे."

पुढे मी कानाची डॉक्टर झाले. पण आवाज माणसाला कसा फसवतो, हे मला आधी त्या भिंतीनं शिकवलं होतं. म्हणून हरणीची हकिगत ऐकली तेव्हा डोळ्यांपुढे पहिल्यांदा ती भिंतच आली.

हरणी हे तिचं धावणाऱ्यांच्या गटातलं नाव. चाळिशी ओलांडलेली, शिडशिडीत बाई. तिच्या डोळ्यांतला उजेड तळ्यातल्या पाण्यासारखा गेला, काठाकाठानं, रोज थोडा. वाचणं गेलं, शिवणकाम गेलं, एकटीनं रस्ता ओलांडणं गेलं. धावणं तेवढं उरलं, तेही थोरल्या भावामुळे. भावाचा छोटा छापखाना आहे. रोज सकाळी तो उघडण्याआधी भाऊ तळ्याच्या बांधावर तिच्यापुढे धावायचा. त्याच्या पाठीला पट्ट्यानं आवळलेला, पाण्याच्या बाटलीएवढा स्पीकर, आणि स्पीकरवर ठेक्याचं गाणं. भाऊ जाईल तिकडे गाणं, गाणं जाईल तिकडे हरणी.

आणि त्या सकाळी, पंपघरापाशी बांध उजवीकडे वळतो तिथे, ती वळली नाही. सरळ गेली. दगडांच्या उतारावरून खाली होड्यांच्या धक्क्याजवळ पडली आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. स्पीकर त्या गडबडीत पाण्यात गेला, असं भावाचं म्हणणं.

गटप्रमुखांनी मला फोन करून काम सोपं करून दिलं. भाऊ म्हणतो, मी वळलो. बहीण म्हणते, गाणं सरळ गेलं. गाणं तर भावाच्या पाठीवर. तेव्हा बाईंच्या ऐकण्यातच दोष असणार, तेवढं लिहून द्या, म्हणजे कुणावर आळ नको. मी विचारलं, तसं लिहिल्यावर हरणीचं पुढे काय?  ते म्हणाले, पुढे काय असणार, तिला बांधावर धावू देता येणार नाही.

तिघं आली. हरणी हात गळ्यात बांधून, वहिनीच्या दंडाला धरून जिना चढली. भाऊ मागे राहिला. माझ्या जिन्याच्या मधल्या टप्प्यावर दंतवैद्याची पाटी आहे. ती तो इतका वेळ वाचत उभा होता की मला वाटलं, दाढ दुखत असावी.

हरणीला मी आवाजबंद खोलीत बसवलं आणि पडद्याआडून एकेक बारीक आवाज सोडत गेले. ती बोट करत गेली. डावीकडे, मागे, वर, पुन्हा डावीकडे. एकदाही चुकली नाही. इतकंच काय, खोलीच्या दारातून वारा कुठून शिरतो तेही तिनं सांगितलं, जे मला दहा वेळा सुताराला बोलावूनही सापडलं नव्हतं.

असा कान उजवीकडे वळलेलं गाणं समोर ऐकणार नाही. म्हणजे त्या सकाळी गाणं खरोखरच पाण्याच्या दिशेला होतं.

मग भावाच्या पाठीवर काय होतं?

२

भाऊ-वहिनीला बाहेर बसवून मी हरणीशी बोलले. तिनं आधी माझ्या खोलीचं कौतुक केलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तिला असंच अंधारात बसवलं होतं म्हणे. "तुमची खोली बरी. इथे मला काही दिसलं नाही तरी कुणी सुस्कारा टाकत नाही."

मी त्या सकाळचं विचारलं. वहिनीनं स्कूटरवरून बांधाच्या पायऱ्यांपाशी सोडलं, दादा पुढे आहेत म्हणाली आणि गेली. गाणं लागलं तशी हरणी निघाली. कुठलं गाणं, असं मी विचारलं तर ती हसली आणि गुणगुणली.

*चल गं सखे, चल गं, वारं लागलं पाठी,*
*पाण्याकडंच्या वाटंनं ऊन येईल भेटी.*

"शब्दांत काही राम नाही, पण ठेका पायाला बरा," ती म्हणाली.

गाणं किती लांब होतं, असं मी विचारलं. तेवढंच, ती म्हणाली. तेवढंच म्हणजे? "हल्ली ते नेहमी तेवढंच लांब असतं. मी जोरात धावले तरी तेवढंच, दमले तरी तेवढंच. पूर्वी दादा मधेच पुढे सुटायचा, मग थांबायचा."

तो "हल्ली" मी मनात बाजूला काढून ठेवला.

मग वळणाचं विचारलं. दिसत नाही तर वळण आलं हे कळतं कसं? ती चटकन म्हणाली, पंपाची घरघर उजव्या कानाला भिडली की वळण. आणि म्हणता म्हणता गप्प झाली, नसलेल्या पायरीवर पाऊल पडल्यासारखी.

मी म्हटलं, मग त्या दिवशी पंप बंद होता का?

तिनं चेहरा भिंतीकडे वळवला. डोकं दुखतंय, म्हणाली. वहिनीला बोलवा.

३

दुसऱ्या दिवशी मी तळ्यावर गेले. पंप चालू होता, आणि तो कधीच बंद नसतो असं तिथल्या माणसानं सांगितलं.

आधी माझ्या भिंतीचा संशय फेडून घेतला. माझा छोटा स्पीकर गाणं लावून वळणावर ठेवला आणि बांधावर डोळे मिटून मागेपुढे चालले. दोन म्हाताऱ्या फिरायला आल्या होत्या, त्यांनी माझ्यासाठी वाट सोडली आणि एकमेकींकडे पाहिलं. पंपघराची भिंत आवाज माघारी फेकत होती खरी, पण रस्त्याच्या बाजूला, पाण्याच्या नव्हे. भिंत निर्दोष निघाली.

पंपघराच्या कठड्याला नवा हिरवा रंग दिला होता. "रंग ओला आहे" असं लिहिलेला पुठ्ठा अजून सुतळीनं लटकत होता, रंग वाळून कडक झाला तरी. एका खांबावर मात्र नव्या रंगाखालूनही एक पट्टा उठून दिसत होता. जुना रंग तिथे घासून घासून लोखंडापर्यंत गेलेला. काहीतरी पट्ट्यानं आवळून त्या जागी पुष्कळ दिवस बांधलं जात होतं, आणि रंग दिल्यापासून ते बांधलेलं नव्हतं. रंग कधी दिला, असं मी पंपावरच्या माणसाला विचारलं. म्हणाला, त्या बाई पडल्या त्याच्या आदल्या दिवशी.

धक्क्यावर होड्यांचा कोच भेटला. गळ्यातल्या शिट्टीमुळे त्याला सगळे शिट्टी म्हणतात. त्याचं आणि धावणाऱ्यांचं वाकडं. त्यांच्या गाण्यानं त्याच्या पोरींची वल्ही चुकतात, म्हणून एकदा त्यानं स्पीकर तळ्यात फेकून देईन असा दम भरला होता. मला पाहताच तो म्हणाला, "स्पीकर मीच बुडवला असं म्हणायला आलात ना? बसा. चहा घेऊन म्हणा."

त्याच्यापाशीही स्पीकर होता, पण तो होडीतच असतो आणि त्यातून नुसता वल्ह्यांचा ठोका वाजतो. त्या सकाळी तो पोरींना घेऊन तळ्याच्या मधोमध होता. आणि गाणं, त्यानं सांगितलं, त्याच्या स्वतःच्या धक्क्यावरून येत होतं. आता हे लोक माझ्या दारात येऊन बसले म्हणून तो संतापला, शिट्ट्या मारत सुटला. तेवढ्यात त्याला हरणी दिसली.

"सगळे म्हणतात धावता धावता कोसळली," तो म्हणाला. "मी पाहिलं ते निराळं. बांध सोडला तेव्हा ती धावत नव्हती. हात पुढे करून, पायानं दगड चाचपत उतरत होती. काहीतरी ओरडतही होती. पण त्या गाण्यात काय ऐकू येणार?"

होडी काठाला लावेपर्यंत भाऊ तिथे पोचला होता. गाणं थांबलेलं. भावाची पाठ रिकामी, हातात एक पिशवी घट्ट धरलेली, आणि अशी धाप लागलेली की आधी यालाच दवाखान्यात न्यावं असं शिट्टीला वाटलं.

रोज धावणारा माणूस, आणि एवढ्याशा वाटेनं त्याला धाप लागावी?

४

गावात स्पीकरचं दुकान एकच. सायकलच्या दांडीला बांधायचे, कमरेला लटकवायचे, पाण्यात पडले तरी वाजणारे, चाकांवर ओढत न्यायचे, सगळे फळीवर ओळीनं मांडलेले, आणि सगळे एकदमच काहीतरी वाजवत होते. मी दुकानदाराला हात जोडून आधी ते बंद करायला लावलं.

मी काही लपवलं नाही, पण सगळं सांगितलंही नाही. धावताना पाठीला बांधायचा स्पीकर हवा, म्हटलं. लांबून फोननं चालवता येईल असा. त्यानं उत्साहानं एक काढला. गाणं स्पीकरच्या पोटातल्या कार्डावर असतं, त्यानं समजावलं. फोन नुसता त्याचा कान पिळतो. मोठं कर, बारीक कर, गप्प बस. आणि फोन लांब गेला तर? "तर स्पीकर मनाचा राजा. आहे त्या आवाजात वाजत राहतो. छापखान्याच्या दादांच्या दोन्हींमध्ये पण हेच आहे. मी त्यांना आधीच बजावलं होतं, फार लांब ठेवू नका म्हणून."

"दोन्हींमध्ये?" मी विचारलं. त्याला आपण काय बोललो ते उमगायला थोडा वेळ लागला. मग तो फळीवरचे स्पीकर उगीचच सरळ करू लागला.

दुसरा स्पीकर दादांनी दोनेक महिन्यांपूर्वी नेला होता. बहिणीला कळू देऊ नका, तिला गंमत दाखवायची आहे, असं सांगून. दुकानदारानं शब्द पाळला होता. हरणी पडल्यावरही पाळला, कारण पडण्याचा आणि गमतीचा काही संबंध असेल असं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. आता आलं. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मी विकायला नको होता का हो?"

मी त्याला पैसे दिले. एक स्पीकर घेऊन बाहेर पडले.

कानाची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक नसते. आवाज कुठल्या बाजूनं येतो ते कान पक्कं सांगतो. पण किती लांबून येतो, ते बरंचसं तो आवाजाच्या लहानमोठेपणावरून ताडतो. एका जागी बांधलेल्या स्पीकरकडे कुणी धावत येत असेल आणि दुसरं कुणी लांब बसून फोननं त्याचा आवाज हळूहळू उतरवत असेल, तर धावणाऱ्याला वाटेल, गाणं आपल्या पुढे पुढे चाललंय. जवळही येत नाही, लांबही जात नाही. तेवढंच.

५

मी तळ्यावर जाऊन आल्याचं वहिनीच्या कानावर गेलं असावं. ती एकटीच आली आणि माझ्यासमोर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. लिहून टाका ना कानाचा दोष, ती म्हणाली, दोन ओळींनी तुमचं काय जातं? आणि तिचं तरी काय जाणार आहे, घरात का धावता येत नाही? आता धावण्याच्या पट्ट्याचं यंत्र मिळतं, आम्ही घेऊ.

मी विचारलं, "दादांच्या छातीचे डॉक्टर काय म्हणतात?"

तिच्या बोटावरचा पदर सुटला.

मग ती पुष्कळ बोलली. जिना चढताना त्याला पाट्या वाचाव्या लागतात, हे तिनं हसत सांगितलं आणि सांगता सांगता रडली. हृदय थकलंय, धावायचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसरं कुणी हरणीपुढे धावायला तयार होतंय का, ते त्यानं विचारून पाहिलं. सगळ्यांना कामं होती. मग त्यानं ही युक्ती काढली. घरात एकदा सगळं चोख बसवून पाहिलं, वहिनीच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून. "मला म्हणाला, हिचं एकच उरलंय गं, ते माझ्या छातीपायी जायला नको. मला शपथ घातली. मी रोज तिला बांधावर सोडायची आणि दादा पुढे आहेत म्हणून खोटं सांगायची. ती माझा हात दाबायची आणि हसायची. मला वाटायचं, जमिनीनं पोटात घ्यावं."

दोन्ही स्पीकर कुठे आहेत, मी विचारलं. घरी, जुन्या उशीच्या खोळीत, ती म्हणाली. आणि मग भीत भीत: "आता तुम्ही तिला सांगणार?"

मी म्हटलं, मी नाही. दादा सांगतील.

६

त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत छापखान्याच्या कागदांचे गठ्ठे भिंतीला लागून रचलेले आहेत आणि सगळीकडे शाईचा वास. हरणी खिडकीशी खुर्चीत बसली होती. भाऊ पलंगाच्या कडेवर, हात गुडघ्यांत धरून. वहिनीनं उशीची खोळ आणून टेबलावर ठेवली आणि दाराशी उभी राहिली. 

मी सांगायला सुरुवात केली. एक स्पीकर रोज पंपघराच्या कठड्याला बांधलेला असायचा, दुसरा वळणापलीकडच्या बाकाशी. त्याच बाकावर दादा फोन घेऊन बसायचे, तिथून सरळ वाट दिसते. हरणी वळणाजवळ आली की पहिला गप्प करायचा आणि दुसरा वाजवायचा. गाणं उजवीकडे सरकलं की तीही वळायची. कित्येक आठवडे बिनबोभाट चाललं. त्या दिवशी कठड्याचा रंग ओला होता. म्हणून दादांनी पहिला स्पीकर त्याच रेषेत थोडा पुढे, खाली धक्क्याच्या खांबाला अडकवला. दिशा तीच राहिली, पण बाकापासूनचं अंतर वाढलं आणि मधे पंपघर आलं. सुरुवातीला फोन धक्क्यापर्यंत जेमतेम पोचत होता, वळण आलं तेव्हा पोचेनासा झाला. गाणं वाजत राहिलं.

भाऊ मान खाली घालून ऐकत होता. मी थांबल्यावर त्यानं बहिणीकडे पाहिलं.

"छोटे, मी फोनवर बोटं आपटत होतो," तो म्हणाला. "तू उताराकडे निघालेली मला दिसत होतीस. मी हाक मारली, पण त्या मेल्या गाण्यापुढे माझा आवाज काय पुरणार. मग धावलो. म्हणजे धावायला गेलो." त्यानं गुडघ्यांतले हात सोडले. "अर्ध्या वाटेत बसावं लागलं मला. तू पडत होतीस आणि मी बसलो होतो."

वहिनीनं पाठ फिरवली.

तो पुढे म्हणाला, डॉक्टर, तुम्ही खरं काय ते लिहा. तिचे कान चांगले आहेत म्हणून लिहा. गटाला मी सांगतो, वाट मी चुकवली, ती नाही. माझं तोंड पाहू नका म्हणाले तर चालेल, पण तिला कुणीतरी धावायला न्या म्हणावं.

मी हरणीकडे पाहिलं. ना राग, ना आश्चर्य. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नाही, हेच मला खटकलं. कारण माझ्या हिशेबात एक गोष्ट अजून बसत नव्हती, आणि ती आता बसू लागली होती. पंप त्या दिवशीही चालू होता. वळण आल्याचं तिच्या उजव्या कानाला कळलं होतं. तिनं धावणं थांबवलं होतं. मग तिनं बांध का सोडला?

मी तेवढंच विचारलं.

तिनं खिडकीकडे तोंड केलं. रस्त्यावरून कुणी सायकल नेली, तिची साखळी वाजत गेली. मग ती अगदी साध्या आवाजात बोलायला लागली.

"पहिल्या आठवड्यातच कळलं होतं मला, दादा. गाणं श्वास घेत नाही. पुढे माणूस असला की त्याचा श्वास असतो, कपड्यांचा आवाज असतो, मधेच तो खाकरतो. हल्ली पुढे कुणी नसायचं. आणि घरी तू जिना चढून आलास की दाराबाहेर उभा राहायचास, आत यायचा नाहीस. ते पण ऐकू यायचं."

भावानं मान वर केली.

"बोलले नाही. बोलले असते तर तू ते बंद केलं असतंस. आणि खरं सांगू? डोळे गेल्यापासून पहिल्यांदा मी एकटी धावत होते. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. मला ते हवं होतं. तुझी छाती दुखतेय हे माहीत असूनही मला ते हवं होतं, म्हणून मी गप्प."

तिनं मोडक्या खांद्याचा हात सावरला.

"त्या दिवशी वळण आलं. पंप उजवीकडे घुरघुरत होता. मी थांबले. गाणं वळेना. ते खाली पाण्याकडेच वाजत होतं, एका जागी. मला वाटलं, स्पीकर बांधायला तू खाली गेलास आणि तिथेच पडलायस. स्पीकर काठावर आणि तू पाण्यात. हाका मारल्या, तू ओ देईनास. म्हणून उतरले."

भाऊ उठायला गेला आणि मध्येच पलंगाला धरून उभा राहिला.

"मी वाट चुकले नव्हते, दादा," ती म्हणाली. "मी तुझ्याकडे येत होते."